ईस्टरच्या चित्रात झावळी हवी

ईस्टर जवळ आला की वर्तमानपत्रांत, मोबाइलवर, शाळांच्या फलकांवर एक ठरलेलं चित्र झळकतं. हिरवळीवर बसलेला पांढरा ससा, शेजारी रंगीत अंड्यांची टोपली, मागे पिवळी विलायती फुलं. बडोद्याच्या मॉलमध्येही हेच. चित्र गोड आहे, मुलांना आवडतं, त्याबद्दल कुणाची तक्रार नसावी. पण ज्यांचा हा सण आहे त्यांच्या घरचं त्यात फारसं काही नाही. बडोद्यातले ख्रिस्ती त्या आठवड्यात हातात पानं घेऊन मिरवणुकीनं चालतात, शुक्रवारी दुपारी प्रार्थनेला बसतात, शनिवारी रात्री अंधाऱ्या चर्चमध्ये मेणबत्ती उजळतात. ससा यात कुठेच येत नाही. शेजाऱ्याच्या सणाची ओळख करून देताना त्याच्या सणात नसलेली वस्तूच पुढे करायची, हे बरं नव्हे. ही चूक सुधारायला हवी, आणि त्यासाठी फार कष्टही पडणार नाहीत.

बडोद्याकडून ही अपेक्षा जरा जास्तच ठेवायला हवी. धर्मांच्या तौलनिक अभ्यासाला सयाजीराव महाराजांनी याच शहरात राजाश्रय दिला. बडोदा कॉलेजात आल्बन विजरी तत्त्वज्ञानाबरोबर हा विषय शिकवत, आणि गायकवाडांच्या नावानं निघालेल्या ग्रंथमालेत त्यांची पुस्तकं छापली गेली. शंभर वर्षांपूर्वी ज्या गावात हे घडलं, तिथल्या मराठी वाचकाला ईस्टर म्हणजे ससा एवढंच ठाऊक असावं, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे. ख्रिस्ती समाज इथे काल-परवा आलेला नाही. फतेहगंजातलं सेंट जेम्स चर्च कंपनी सरकारच्या छावणीसाठी १८२० च्या दशकात उभं राहिलं. मग मेथडिस्ट मिशन आलं. १९६६ मध्ये बडोद्याचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला. कोयलीची रिफायनरी आणि नंतरची पेट्रोकेमिकल्सची वसाहत यांच्या नोकऱ्यांमागोमाग मल्याळी कुटुंबं आली. एकाच शहरात ईस्टरच्या तीन-चार तऱ्हा नांदतात आणि प्रत्येकीला स्वतःची परंपरा आहे.

तरीही आधी सशाची बाजू ऐकून घेऊ. १६८२ मध्ये गेओर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाउ या जर्मन वैद्यानं ईस्टरच्या अंड्यांवर लॅटिनमध्ये एक प्रबंध लिहिला. त्यात तो म्हणतो, अल्सास आणि आसपासच्या भागात मुलांना सांगतात, की ईस्टरचा ससा बागेत, झुडपांत अंडी लपवून ठेवतो. मुलं ती शोधत फिरतात, मोठी माणसं हसतात. वैद्यच तो, त्यामुळे फार अंडी खाल्ली तर पोट बिघडतं हा इशाराही त्यानं देऊन ठेवला आहे. अठराव्या शतकात जर्मन कुटुंबं अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियाला गेली, ही गोष्ट त्यांच्याबरोबर गेली, आणि पुढे मिठाईवाल्यांनी व शुभेच्छापत्रं छापणाऱ्यांनी ती जगभर नेली. म्हणजे तो जर्मन खेड्यांतल्या कुरणांवरचा ससा. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळून गवत वर येतं तेव्हा तिथे रानससे खरोखरच शेतांत बागडताना दिसतात. तिथल्या मुलाला तो ससा डोळ्यांसमोर दिसतो. ऑस्ट्रेलियात मात्र बाहेरून आणलेल्या सशांनी शेतं आणि रानं फस्त केली, म्हणून तिथे काही वर्षांपासून चॉकलेटचा बिल्बी मिळतो. बिल्बी हा तिथलाच लांब कानांचा, नामशेष होत चाललेला प्राणी. आपल्या मातीतलं चिन्ह शोधण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न आहे आणि त्याचं मनापासून कौतुक करायला हवं.

अंड्याचा इतिहास याहून जुना आहे आणि तो थेट स्वयंपाकघरातून सुरू होतो. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ. मध्ययुगीन युरोपात या काळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. माणसांनी उपवास धरला तरी कोंबड्या अंडी द्यायच्या थांबत नाहीत. साठलेली अंडी टिकावीत म्हणून उकडायची, ईस्टरला उपवास सुटला की रंगवून वाटायची. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० च्या घरखर्चाच्या वहीत साडेचारशे अंड्यांसाठी अठरा पेन्स खर्ची पडल्याची नोंद आहे. ती सोन्याच्या वर्खानं आणि रंगांनी सजवून वाटली गेली. ग्रीसमध्ये आजही पवित्र गुरुवारी अंडी लालच रंगवतात, ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून, आणि ईस्टरला एकमेकांच्या अंड्यावर अंडं आपटून कुणाचं शाबूत राहतं ते पाहतात. युक्रेनमध्ये मेणानं रेघा काढून अंडी एकामागून एक रंगांत बुडवतात. बाटिकचं काम पाहिलेल्या कुणालाही ती पद्धत लगेच कळेल. चॉकलेटचं अंडं हे या घराण्यातलं शेंडेफळ. ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीनं ते १८७३ मध्ये काढलं, कॅडबरीनं दोन वर्षांनी.

मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्त्यांच्या आणि गोव्याच्या बेकऱ्यांत ईस्टरला जी मार्झिपानची अंडी मिळतात, त्यांची गोष्ट वेगळी आहे. युरोपात मार्झिपान बदामाचं. इथे बदाम महाग, काजू हाताशी. काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं, कोकणात इतकं रुजलेलं की ते परकं होतं हे सांगावं लागतं. तेव्हा काजूची पूड, साखर, अंड्याचा पांढरा भाग, गुलाबपाणी. आकार तेवढा युरोपचा, चव कोकणाची. हे अंडं ईस्टरच्या चित्रात यायला काहीच हरकत नाही. बडोद्यात अंड्याचा विषय नाजूक आहे हेही खरं. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये रस्त्यावरच्या लाऱ्यांवर मांसाहारी आणि अंड्याचे पदार्थ झाकून ठेवावेत अशा तोंडी सूचना महापालिकेतून निघाल्या होत्या आणि त्यावर बराच वाद झाला होता. अशा गावात अंड्यामागचा चाळीस दिवसांचा उपवास लोकांना सांगणं जास्तच गरजेचं आहे. वर्षातले काही आठवडे स्वतःहून सोडलेलं अन्न सणाच्या दिवशी पुन्हा ताटात येतं, ही गोष्ट चातुर्मास पाळणाऱ्या घराला समजावून सांगावी लागत नाही.

दरवर्षी आणखी एक मजकूर मोबाइलवरून फिरतो. ईस्टर हा मुळात कुण्या बाबिलोनी देवीचा उत्सव, ससा आणि अंडी तिचीच, ख्रिस्ती लोकांनी ते सगळं चोरलं. याचा उगम एकोणिसाव्या शतकात सापडतो. अलेक्झांडर हिस्लॉप या स्कॉटिश पाद्र्यानं कॅथलिक पंथावर टीका करण्यासाठी एक पुस्तक लिहिलं आणि त्यात ही जोडाजोड केली. ईस्टर हे नाव ज्या जर्मानिक देवीवरून आलं असं म्हणतात, तिच्याबद्दलचा एकमेव जुना आधार म्हणजे इंग्लंडमधला संन्यासी बीड. त्यानं ७२५ मध्ये कालगणनेवरच्या ग्रंथात तिचा एका वाक्यात उल्लेख केला; सशाचा किंवा अंड्याचा तिथे मागमूस नाही. एखाद्या समाजाचा सर्वांत मोठा सण चोरीचा ठरवणारा मजकूर पुढे ढकलण्याआधी एवढी चौकशी करायला हवी. आपल्या सणांबद्दल कुणी असं लिहिलं तर आपल्याला काय वाटेल?

सशाच्या आणि अंड्याच्या या गोष्टींवरून चिन्ह कुठून येतं ते दिसतं. कोंबडीच्या खुराड्यातून, कुरणातून, काजूच्या बागेतून. मग गुजरात-महाराष्ट्राच्या ईस्टरची चिन्हं कुठून आली?

पहिली झावळी. ईस्टरच्या आधीचा रविवार हा झावळ्यांचा रविवार. येशू गाढवावर बसून यरुशलेमात आला तेव्हा लोकांनी झावळ्या घेऊन त्याचं स्वागत केलं, असं शुभवर्तमानात आहे, आणि योहानाच्या शुभवर्तमानात ती झाडं खजुरीची असल्याचं स्पष्ट म्हटलं आहे. थंड देशांत खजूर कुठून मिळणार? इंग्लंडमध्ये लोक विलोच्या किंवा यूच्या फांद्या घेत. रशियात आणि पोलंडमध्ये विलोच्या मऊ कळ्यांच्या डहाळ्या. पोलंडच्या लिप्नित्सा मुरोवाना या गावात तर वाळकी फुलं आणि डहाळ्या बांधून घराहून उंच झावळ्या तयार करण्याची चढाओढ लागते. वसईत, गोव्यात माडाची झावळी. आणि गुजरातेत शिंदी, जिला इथे खजुरी म्हणतात. बडोद्याहून पाद्र्याकडे किंवा चरोतराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर, शेतांच्या बांधांवर ही झाडं उभी असतात. खजुराची ही सख्खी बहीण. म्हणजे लंडनच्या किंवा मॉस्कोच्या मानानं बडोद्यातली मिरवणूक मूळ प्रसंगाच्या किती तरी जवळची. या एका गोष्टीसाठीसुद्धा बडोद्याच्या वर्तमानपत्रानं त्या सकाळी छायाचित्रकार पाठवायला हवा.

झावळीचं पुढे काय होतं तेही जवळून पाहण्यासारखं आहे. आशीर्वादित केलेली पानं लोक घरी नेतात. कुणी पान चिरून, दुमडून त्याचा क्रूस करतं आणि तो देवाच्या तसबिरीमागे किंवा दाराच्या चौकटीवर खोचतं. वर्षभरात तो हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा तपकिरी होतो. पुढच्या उपवासकाळाच्या आधी चर्चमध्ये ही जुनी पानं गोळा करतात, जाळतात, आणि त्यांची राख राखेच्या बुधवारी प्रत्येकाच्या कपाळावर क्रूसाच्या आकारात लावतात. तू माती आहेस आणि मातीलाच मिळशील, याची ती आठवण. जयजयकाराला घेतलेलं पान वर्षानं राख होऊन पश्चात्तापाच्या कामी येतं. विभूती लावणाऱ्या समाजाला हे कळायला वेळ लागणार नाही. फक्त कुणीतरी सांगायला हवं.

दुसरी गोष्ट पिठाची. येशूचं शेवटचं भोजन ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या वेळचं. मिसरमधून निघताना ज्यूंना पीठ आंबवायला सवड मिळाली नाही, म्हणून या सणात आंबवलेलं काही खात नाहीत. मराठी मुलखात हा सण पाळणारे लोक ख्रिस्ती मिशनांच्या कितीतरी आधीपासून होते: कोकणातले बेने इस्रायल, तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवार पाळणारे म्हणून ‘शनिवार तेली’. त्यांच्या सणांची जुनी मराठी नावं त्यांचे इतिहासकार हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी नोंदवून ठेवली आहेत. पुरीम म्हणजे ‘होळीचा सण’, कारण तो त्याच पौर्णिमेच्या आसपास येतो. आणि वल्हांडण म्हणजे ‘अनशी ढाकाचा सण’. आंबट पदार्थाचं भांडं त्या दिवसांत झाकून ठेवायचं, त्याला हात लावायचा नाही. ग्रंथ हाताशी नव्हते, धर्मगुरू नव्हते, तरी रायगडच्या खेड्यांतल्या बायकांनी सण एका भांड्याच्या झाकणात जपून ठेवला. ईस्टरच्या मुळाशी असलेल्या सणाची मराठी मातीतली याहून जुनी खूण सापडणं कठीण आहे.

हाच धागा बडोद्यात केरळातून येऊन पोचला आहे. सीरियन ख्रिस्ती घरांत पवित्र गुरुवारी संध्याकाळी पेसहा अप्पम, म्हणजे वल्हांडणाचं अप्पम, करतात. तांदूळ आणि उडीद हेच रोजचं साहित्य, पण त्या दिवशी पीठ आंबवायचं नाही. वाफवलेल्या अप्पमवर झावळ्यांच्या रविवारी आणलेल्या पानाचा क्रूस ठेवतात. घरातला वडीलधारा माणूस प्रार्थना म्हणून तो कापतो, गूळ घातलेल्या नारळाच्या दुधाबरोबर वयाच्या क्रमानं वाटतो. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल तिथे अप्पम करत नाहीत. शेजारी, नातेवाईक आणून देतात. दुःख असलेल्या घरी दिवाळीचा फराळ शेजाऱ्यांनी पोचवायचा, ही आपली रीत यापेक्षा काय निराळी? ढोकळा, हांडवो, इडली यांसाठी घरोघर पीठ आंबत पडलेलं असतं अशा शहरात काही घरं एका संध्याकाळी मुद्दाम आंबवणं थांबवतात. शाळेतल्या मुलांना ईस्टर समजावून सांगायला ही गोष्ट पुरेशी आहे.

तिसरी गोष्ट तिथीची. ईस्टर दरवर्षी तारीख का बदलतो असं विचारणाऱ्या माणसाच्या घरात बहुधा कालनिर्णय टांगलेलं असतं, आणि उत्तर त्याच पानावर असतं. ३२५ मध्ये निकेयाच्या धर्मपरिषदेनं सगळ्या चर्चनी ईस्टर एकाच रविवारी पाळावा असं ठरवलं. त्यातून जो नियम रूढ झाला तो असा: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. पौर्णिमा रविवारीच आली तर पुढचा रविवार. चर्चची पौर्णिमा तक्त्यावरून काढतात, त्यामुळे कधीतरी एखाद्या दिवसाचा फरक पडतो. पण हिशेब चंद्राचाच. म्हणून ईस्टर एक तर फाल्गुन पौर्णिमेनंतर येतो, नाहीतर चैत्र पौर्णिमेनंतर. २०२२ मध्ये हनुमान जयंती १६ एप्रिलला आणि ईस्टर लगेच दुसऱ्या दिवशी. २०२३ मध्ये हनुमान जयंती ६ एप्रिलला, ईस्टर ९ ला. २०२४ मध्ये २५ मार्चला धुळवड झाली आणि त्याच आठवड्याच्या अखेरीला, ३१ मार्चला ईस्टर. तिथी म्हणजे काय हे लहानपणापासून ठाऊक असलेल्या समाजाला हा सण परका वाटायचं कारण नाही. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये कालनिर्णय काढलं तेव्हा सगळ्या धर्मांचे सण एकाच पानावर मांडले. त्या मांडणीचं मोल अशा वेळी कळतं.

आणि घंटा. पवित्र गुरुवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, घंटा वाजतात आणि मग शनिवारच्या रात्रीपर्यंत मुक्या होतात. त्याऐवजी लाकडी खुळखुळा वाजवतात, ज्याचा खडखडाट कोरडा आणि जरा भीतीदायकच असतो. फ्रान्समध्ये मुलांना सांगतात, की घंटा उडून रोमला गेल्या आहेत, परत येताना गोड खाऊ आणतील. वसईच्या घंटा मात्र खऱ्याच गेल्या. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी सरदारांनी ठिकठिकाणच्या देवळांना वाहिल्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर अशी एक घंटा आहे, १७०७ ची, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरिया उठावात कोरलेली. भीमाशंकरला एक आहे. नाशिकला गोदेच्या काठी नारोशंकराच्या देवळातली घंटा तर साऱ्या गावाच्या बोलण्यात आहे. या घंटांचा मागोवा एखाद्या अभ्यासकानं देऊळ-देऊळ फिरून घ्यावा असा आहे. लढाई झाली, लूट झाली हे खरंच. पण पुढची जवळजवळ तीनशे वर्षं त्यांचा नाद पूजेतच लागला, आणि मेणवलीच्या घंटेवरची मरिया कुणी घासून काढली नाही, हेही तितकंच खरं. वसईच्या मुलांना फ्रान्सच्या गोष्टीआधी ही गोष्ट ठाऊक असायला हवी.

गाण्याकडे वळलं तर मराठीचा खजिना उघडतो. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशुसंघीय १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये रायतूरला त्याचं ख्रिस्तपुराण छापून निघालं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. दुसऱ्या भागात येशूचं दुःखसहन आणि पुनरुत्थान येतं, आणि मिस्सेनंतर चर्चमध्ये ते लोकांना वाचून दाखवत. शेक्सपियर ज्या वर्षी वारला त्याच वर्षी त्याचा एक देशबांधव गोव्यात ईस्टरची कथा ओवीत सांगत होता. गोव्यात उपवासकाळात व्हायोलिनच्या साथीनं मोटेट ही भक्तिगीतं गातात. गोवें वेल्याला त्या दिवसांतल्या एका सोमवारी संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते, आणि तिच्यासाठी दूरदूरहून माणसं येतात. इकडे देशावर रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजन आणि कीर्तन मराठी मंडळ्यांत रुजवलं.

काही रिवाज फारच लांबून आले आहेत. शुभ शुक्रवारी बारा ते तीन, वधस्तंभावरच्या येशूच्या सात उद्गारांवर एकामागून एक प्रवचनं होतात. मराठी आणि गुजराती प्रोटेस्टंट मंडळ्यांत ही वर्षातली सर्वांत गंभीर उपासना. ती सुरू झाली पेरूची राजधानी लिमा इथे. १६८७ च्या भूकंपानंतर अलोन्सो मेसिया या येशुसंघीयानं हा तीन तासांचा क्रम बसवला. ईस्टरच्या पहाटेची उपासना १७३२ मध्ये जर्मनीतल्या हर्नहुट गावच्या मोरावियन तरुणांनी दफनभूमीत सुरू केली. येशूच्या कबरीकडे बाया पहाटेच गेल्या होत्या, म्हणून. गुजरातेतल्या अनेक मंडळ्यांत त्या पहाटे लोक कब्रस्तानात जातात, आपल्या माणसांच्या कबरी झाडून-पुसून फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात, आणि गाणी म्हणतात ती आनंदाची. चिन्ह परदेशातून आलं म्हणून ते परकंच राहतं असं नाही, याचा हा पुरावा. लोकांनी ते आपल्या मेलेल्या माणसांपर्यंत नेलं, तेव्हाच ते त्यांचं झालं.

महाराष्ट्रात एका परक्या ईस्टरनं काही वर्षं मुक्कामही केला होता. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. त्यांचं चर्च होतं, शाळा होत्या. गुजरातेत नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश मुलांना आसरा दिला. पोलंडमध्ये ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी एकमेकांवर बादल्यांनी पाणी ओतायची चाल आहे. रंगपंचमी खेळणाऱ्या कोल्हापूरकरांना ते समजायला दुभाषा लागला नसता.

शनिवारच्या रात्रीचं वर्णन मात्र सावकाश करायला हवं, कारण ईस्टरचं मध्यवर्ती चिन्ह तिथे आहे. कॅथलिक चर्चमध्ये सगळे दिवे मालवलेले असतात. बाहेर अंगणात नवा अग्नी पेटवतात. धर्मगुरूच्या हातात जाड, उंच मेणबत्ती असते. तिच्यावर तो क्रूस रेखतो. क्रूसाच्या वर ग्रीक वर्णमालेचं पहिलं अक्षर, खाली शेवटचं, आणि चार कोनांत चालू वर्षाचे चार अंक. सगळा काळ ख्रिस्ताचाच आणि हे वर्षही त्याचंच, असा याचा अर्थ. मग धुपाचे पाच खडे क्रूसाच्या आकारात खोचतात, येशूच्या पाच जखमांची खूण म्हणून. मेणबत्ती नव्या अग्नीवर उजळते आणि अंधारात आत जाते. तिच्यावरून पहिल्या रांगेतल्या मेणबत्त्या, त्यांवरून मागच्या, असं करत सगळं चर्च उजळतं. त्यानंतर जे दीर्घ स्तुतिगीत गातात त्यात मेण गोळा करणाऱ्या मधमाश्यांचेही आभार मानलेले आहेत. बडोद्याच्या रोझरी कॅथीड्रलमध्ये असो की वसईच्या एखाद्या गावातल्या चर्चमध्ये, क्रम हाच, भाषा आपापली. ज्याला ईस्टरचं एकच छायाचित्र छापायचं असेल त्यानं हे छापावं.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलायला हवी. शुभ शुक्रवारी अनेक जण ख्रिस्ती मित्रांना आनंदाच्या शुभेच्छा पाठवतात. हेतू चांगलाच असतो. पण तो येशूच्या मृत्यूचा दिवस आहे; त्या दिवशी चर्चमध्ये वेदी उघडी-बोडकी असते, मिस्सा होत नाही, माणसं उपाशी असतात. त्या दिवशी शुभेच्छा नकोत. रविवारी द्याव्यात, भरभरून. अज्ञान फार वाढलं की त्याचे परिणाम कारभारातही दिसतात. २०१९ मध्ये दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवच्या प्रशासनांनी शुभ शुक्रवार राजपत्रित सुट्ट्यांतून काढून टाकला होता. मुंबई उच्च न्यायालयानं एप्रिलमध्ये ती सुट्टी पुन्हा द्यायला लावली. पोर्तुगीज अमलात शतकं काढलेल्या, चर्च आणि ख्रिस्ती वस्ती असलेल्या प्रदेशांत या दिवसासाठी कोर्टात जावं लागलं, हे शेजारच्या गुजरात आणि महाराष्ट्र या दोघांनाही शोभत नाही.

करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. शाळांनी ससे रंगवायला द्यायचे तर खुशाल द्यावेत, पण त्याबरोबर मुलांना पान दुमडून क्रूस कसा करतात ते वर्गातल्या ख्रिस्ती मुलाच्या आजीकडून शिकवावं. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विभागात चित्रकलेची इतकी थोर परंपरा आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी शिंदीची झावळी, पेसहा अप्पम, ईस्टरच्या रात्रीची मेणबत्ती यांची शुभेच्छापत्रं काढली तर बाजारातलं चित्र आपोआप बदलू लागेल. वसईत आणि मराठवाड्यात उपवासकाळात म्हटली जाणारी जुनी गाणी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत, ती ध्वनिमुद्रित करून ठेवायला हवीत. हे काम लांबवण्यासारखं नाही. आणि मराठी वर्तमानपत्रांनी साठवणीतलं सशाचं चित्र काढून टाकावं. २०२७ मध्ये झावळ्यांचा रविवार २१ मार्चला आहे आणि होळीही त्याच सुमारास येते. होळीची छायाचित्रं टिपायला पहाटेपासून माणसं बाहेर पडणारच आहेत. त्यांतल्या एकाला सकाळच्या उपासनेच्या वेळी फतेहगंजात पाठवावं.